नानांचा कोरडा पट्टा

‘धुळ्याचे नाना वारले. कोणते नाना ते कळले नाही, फोन कट झाला.’ जळगावच्या आमच्या कॉलेजचा शिपाई ही चिठ्ठी घेऊन आला तेव्हा माझं प्रॅक्टिकल चालू होतं. खाली क्लार्कने लिहिलं होतं, ‘खात्री करून घ्यावी.’ खानदेशात घरटी एक तरी नाना असतो. माझ्या माहेरी दोन आहेत, सासरी एक, आणि आम्ही राहतो त्या गल्लीत कोणी ‘नाना’ अशी हाक मारली तर तीन खिडक्या उघडतात. पण धुळ्याचे नाना माझ्यापुरते एकच होते. माझ्यासमोर काचेच्या उथळ वाटीत, पाण्यावर, मुलींनी कापलेले केळीच्या खोडाचे काप तरंगत होते. जाड, तिरपे, एका कडेला फाटलेले. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, चुकलं का?” मी नाही म्हणाले. मग म्हणाले, “हो, चुकलंय. पण पुन्हा कापा, येईल...” आणि तशीच एस.टी. स्टँडवर गेले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, कापसाची शेतं मागे पडत राहिली. धुळ्याला पोहोचले तेव्हा सगळं उरकून लोक पांझरा नदीवरून परत येत होते.

त्याला आता दीड महिना झाला. नाना कोणी मोठे गृहस्थ नव्हते. धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात ते लॅब अटेंडंट होते. हजेरीच्या रजिस्टरात दगडू, बाकी सगळ्यांचे नाना. चौथीपर्यंत शिकलेले, बुटके, पांढरी टोपी, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग, जे मी पाहिले तेव्हापासून कधी गेले नाहीत. घरचा धंदा दाढी-हजामतीचा. वडिलांनी त्यांच्या हातात वस्तरा दिला होता आणि कॉलेजची नोकरी लागल्यावर तो वस्तरा त्यांच्याबरोबर कॉलेजात आला. झाडाचं खोड, पान, मूळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर त्याचा इतका पातळ काप काढावा लागतो की त्यातून आरपार उजेड गेला पाहिजे. त्याला आम्ही सेक्शन म्हणतो. आम्ही पोरं दाढीच्या ब्लेडने सेक्शन कापत असू. नाना वस्तऱ्याने कापत. भेंडाच्या मऊ गरात खोडाचा तुकडा धरायचा, अंगठ्याने जरा वर सारायचा, आणि पातं आपल्याकडे ओढायचं. त्यांच्या पात्यावरून सेक्शन पाण्यात उतरे तो पडत नसे. दुधावरची साय फुंकरीने सरकावी तसा सरके, आणि पाण्यावर दिसेनासा होई. तो आहे की नाही हे बघायला वाटी उजेडात तिरपी धरावी लागे.

मी रावेरकडची. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली पहिलीच. होस्टेलवर माझ्या बोलण्याला मुली हसत, म्हणून मी पहिले सहा महिने जवळजवळ गप्पच होते. पहिल्या प्रॅक्टिकलला माझा सेक्शन कोशिंबिरीतल्या काकडीएवढा जाड निघाला. शेजारच्या मुलाने विचारलं, “मीठ आणू का?” सगळी लॅब हसली. मी वाटी पालथी करून रडायच्या बेतात होते, तेवढ्यात नाना मागून आले, माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि स्वतःचा वस्तरा दिला. विभागात तो कुणाच्या हाती दिलेला कोणी पाहिला नव्हता. “पातं दाबू नको, पोरी,” ते म्हणाले. “त्याले जाऊ दे.” मी जाऊ दिलं. पाचव्या-सहाव्या वेळी पाण्यावर काहीतरी उतरलं, जवळजवळ नसल्यासारखं, आणि नानांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या मुलाला विचारलं, “आते आन मीठ. कथा टाकस, दखू.” आता कुठे टाकतोस, बघू, असं.

त्या वर्षांतलं धुळं आठवतं ते उन्हाळ्यातल्या दुपारीच आठवतं. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, चिटपाखरू नाही. लॅबच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर नाना तासातासाने पाणी मारत. आत हिरवट अंधार आणि ओल्या वाळ्याचा वास. त्या अंधारात आम्ही दोघं केळीच्या सेक्शनवर रंगाचा थेंब टाकून वाट बघत बसायचो. केळीचं खोड हे खरं खोड नसतंच, एकमेकांत गुंडाळलेल्या पानांचे देठ असतात ते. त्यांचा आडवा काप घेतला की आत ओळीने चौकोनी पोकळ्या दिसतात, मध्ये पातळ पडदे, आणि बाहेरच्या अंगाला टणक धाग्यांचे जुडगे. रंग टाकल्यावर हळूहळू, पहाट व्हावी तसे, ते जुडगे लाल होत जातात. बाकी सगळं पांढरंच राहतं. नाना एक डोळा मिटून बराच वेळ बघत आणि दर वेळी तेच विचारत, “ह्या खोल्यास्मा कोन ऱ्हास वं?”

“हवा राहते, नाना.”

“भाडं देस का?”

हा आमचा खेळच होता. कधी मी म्हणे, आज खोल्या रिकाम्या आहेत, सगळे लग्नाला गेलेत. कधी ते म्हणत, त्या कोपऱ्यातल्या खोलीत कोणीतरी निजलंय, हळू बोल... मला आजही पेशी म्हटलं की पुस्तकातली आकृती आठवत नाही. त्या हिरव्या अंधारातल्या लाल भिंतींच्या खोल्या आठवतात, आणि त्यांत कोण राहतं याची उगाच उत्सुकता वाटते.

माझ्या संशोधनाचा विषयही तिथूनच आला. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वादळ सुटतं आणि घडाला आलेली केळी एका रांगेत आडवी होते. त्याच शेतात, त्याच ओळीत, चार खोडं मोडतात आणि पाचवं उभं राहतं. का? माझे वडील, आबा, दर वर्षी त्या उभ्या राहिलेल्या खोडाला हात लावून बघायचे. मला वाटलं, उत्तर त्या लाल भिंतींत असणार. पेशीच्या भिंतीत काय असतं, किती असतं, नेमकं कुठे असतं, हे बघायचं यंत्र पुण्याच्या एका संस्थेत नुकतंच आलं होतं. एम.एस्सी. करून मी तिथे दाखल झाले. त्या यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सेक्शनच्या एका टिंबातून सोडायचा. भिंतीतलं प्रत्येक रसायन त्या प्रकाशातला आपला आपला ठरलेला भाग गिळतं, त्यावरून त्या टिंबात काय आहे ते कळतं. मग सेक्शन केसभर सरकवायचा आणि पुढचं टिंब. अशी शेकडो टिंबं झाली की संगणक त्यांत रंग भरून नकाशा करतो. जिथे जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. एकेका पेशीची भिंत सुटी दिसत नसे, पण धाग्यांचा जुडगा कुठे आणि मऊ भाग कुठे ते स्वच्छ कळे. सकाळी लावलेला नकाशा पुरा व्हायला संध्याकाळ होई. यंत्राला थंड ठेवायला त्यात द्रवरूप नायट्रोजन ओतावा लागे, त्याची पांढरी वाफ टेबलावरून पायांवर उतरायची. त्या गार खोलीत, पायांशी ढग, समोर पडद्यावर एकेक ठिपका उमलतोय... मी रावेरहून इथवर आले हे मला त्या खोलीत दर वेळी नव्याने खरं वाटायचं नाही.

पण यंत्राची एक अट होती. सेक्शन मेणात बसवून मशीनवर कापलेला चालत नसे, कारण यंत्राला भिंतीआधी मेणच दिसे. हाताने कापलेला, सलग, पातळ, कोरडा सेक्शन हवा. पुण्यात तसा हात कोणाचा नव्हता. माझाही बरा होता, तसा नव्हता. मी पुण्याच्या सरांना म्हणाले, धुळ्याला एक हात आहे.

मग सुरू झाली माझी वाहतूक. रावेरहून ओल्या पोत्यात गुंडाळलेली केळीची खोडं घेऊन धुळ्याला यायचं. कंडक्टर विचारायचा, “ताई, घड कुठंय? नुसतं खोड नेऊन काय करता, हत्ती पाळलाय?” नाना आदल्या दिवसापासून तयार असत. मोडून पडलेल्या खोडांचं एक होतं, ती लगेच काळी पडून सडत. म्हणून वादळ झालं की त्याच दिवशी शेतात बसून त्यांचे सेक्शन मी स्वतः नव्या ब्लेडने कापत असे. उभी राहिलेली खोडं मात्र टिकत. ती मी नानांकडे नेई. चांगल्या मालाला चांगला हात. मला यात काही वावगं दिसलं नाही. आज एखाद्या विद्यार्थिनीने असं केलं तर मी पहिल्या दिवशीच तिला थांबवीन.

नकाशे झाले, आणि उभ्या खोडांच्या नकाशात धाग्यांच्या जुडग्याभोवती एक लाल कडं उमटलं. पडलेल्या खोडांत ते नव्हतं. एकदा नाही, प्रत्येक वेळी. मेणासारखं, तेलकट जातीचं काहीतरी त्या धाग्यांना वेढून होतं. सर दोन दिवस ते नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हे जर खरं असेल तर...” आणि वाक्य सोडून दिलं. सरांनी वाक्य अर्धं सोडलेलं मी तेव्हाच पाहिलं. एका परिषदेत हे काम मांडायचं ठरलं. मी त्या नकाशाची एक मोठी रंगीत प्रत काढून नानांना नेऊन दिली. त्यांनी ती आधी उलटी धरली, मग सुलटी, आणि म्हणाले, “हाई तर आपलं गाव शे वरथीन दखेल.” वरून बघितलेलं आपलं गाव. मग तो कागद त्यांनी लॅबच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, प्राचार्यांपासून चहावाल्यापर्यंत, दार उघडून दाखवू लागले. “हाई मनं सेक्शन शे. पुन्याना मशीननी काढेल फोटू.”

परिषदेला तीन आठवडे होते. माझ्या डब्यात उभ्या खोडाचे दोन सेक्शन सापडले, ते नानांनी कापलेले नव्हते. नानांकडे नेण्याआधी मीच हात बसतोय का ते बघायला कापले होते. सहज म्हणून यंत्राखाली लावले. संध्याकाळी नकाशा पुरा झाला तेव्हा त्यात कडं नव्हतं. मी यंत्र तपासलं, पुन्हा लावलं. नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले. कॉलेजला सुट्टी होती, म्हणून विचारत विचारत जुन्या धुळ्यात नानांच्या घरी पोहोचले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होते. नाना ओट्यावर होते. दाराच्या कडीला धार लावायचा चामड्याचा लांब पट्टा अडकवलेला, त्याचं दुसरं टोक डाव्या हातात ताणलेलं, आणि उजव्या हातात वस्तरा, वर-खाली, वर-खाली, सप् सप्... शेजारी वाटीत घट्ट, पिवळं तेल. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, घरी काढलेलं एरंडेल. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की ते उठायचेही विसरले. “बिनतेलनं पातं रडस,” ते म्हणाले. “कालेजना पोऱ्यास्ना कामले मी एक डाव लावस. तुना कामले दोनदा.”

मी हसले. अक्कांनी केलेला चहा घेतला. निघताना त्या तेलाचा एक थेंब कागदावर टिपून घेतला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं. पुण्याला तो थेंब यंत्राखाली लावला आणि कड्याची जी खूण होती ती जशीच्या तशी पडद्यावर उमटली. धाग्यांच्या टणक जुडग्यापाशी पातं जरासं अडे आणि तिथे तेलाचा पुसट थर उतरे, एवढंच ते कडं होतं. मेणात कापलेला सेक्शन चालत नाही हे मी जगाला सांगत फिरत होते आणि ज्याच्या हाताने कापून घेत होते त्याला ‘पात्याला काय लावता’ एवढं विचारलं नव्हतं. चूक नानांची नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तेलाने कधी काही बिघडलं नव्हतं, आणि कापणाऱ्याने पात्याची निगा राखायचीच असते. मी माझं संशोधन त्यांच्या हातावर उभं केलं आणि तो हात तयार कसा होतो ते बघायला त्यांच्या ओट्यापर्यंत गेले नाही.

सरांसमोर मी दोन्ही नकाशे ठेवले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “परिषदेला जायचं, आणि हेच मांडायचं. तेलासकट.” मग विचारलं, “कापणाऱ्यांना सांगितलंत?”

“सांगेन,” मी म्हणाले.

परिषदेत मांडलं. लोक चांगले होते, एक-दोघांनी तर पाठ थोपटली. पुढे सगळे सेक्शन मी स्वतः कोरड्या ब्लेडने कापले, काम पुन्हा पहिल्यापासून केलं. उभ्या आणि पडलेल्या खोडांच्या भिंतींत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. तेच प्रबंधात लिहिलं आणि पदवी मिळाली. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, “मंग? वारं काय कोनाले पुसून येते?” सगळ्यांना सांगून झालं. नानांना सांगितलं नाही. त्यांना पत्र टाकलं की आता सेक्शनची गरज उरली नाही, काम संपत आलंय. कपाटाच्या दाराआड चिकटवलेला तो कागद माझ्या डोळ्यांसमोर यायचा आणि पेन पुढे सरकायचं नाही. मी स्वतःला सांगत राहिले की हे त्यांच्या भल्यासाठी आहे. धुळ्याचा कोणी विद्यार्थी भेटला की निरोप असायचा, ‘शैलाले म्हना, पातं तयार शे.’ मी म्हणायचे, सांग नानांना, कळवते.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. आमच्या विभागप्रमुख मॅडम निवृत्त झाल्या, त्या समारंभाला मी जळगावहून गेले होते. नाना आधीच निवृत्त झाले होते, पण आले होते, इस्त्रीची टोपी घालून. जेवणाच्या रांगेत ते माझ्याजवळ आले, ताटली खाली ठेवली आणि उजवा हात माझ्यासमोर सरळ पुढे धरला. बोटं पसरलेली, चिकाचे डाग तसेच. “दख,” ते म्हणाले, “थरथरत नही आजून.” मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. मी त्यांच्याकडून काम काढून घेतलं ते त्यांचा हात थकला म्हणून, असं ते इतकी वर्षं समजत होते. तो हात हवेत स्थिर होता, पाण्यावरच्या सेक्शनसारखा. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. एक वाक्य लागलं असतं. मी म्हणाले, “नाना, तुमचा हात कसा थरथरेल?” आणि कोणीतरी मला फोटोसाठी हाक मारली...

दहाव्याला पुन्हा धुळ्याला गेले. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. बायका उठून गेल्यावर त्यांनी आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. वर तो पट्टा गुंडाळून ठेवलेला होता. मी उलगडला तर चामडं पांढरं पडलेलं, आडव्या भेगा, टोकाला भुकटी सुटत होती. अक्का म्हणाल्या, तुमच्या मॅडमचा समारंभ झाला त्या संध्याकाळी नाना मॅडमच्या घरी गेले होते, शैलानं माझं काम का बंद केलं ते विचारायला. मॅडमनी माझा प्रबंध वाचला होता. त्यांनी सांगितलं. “परत घर वनात. दुसरा दिन पट्टा साबन लाई लाई धोया. मी म्हंतं, चामडं शे ते, तडकी जाई. तर म्हने, तडकू दे.” वाटीतलं तेल त्यांनी परसातल्या केळीच्या मुळाशी ओतून दिलं. आणि मग, अक्का म्हणाल्या, त्याच केळी कापत बसायचे. रोज नाही, हात साथ देईल तेव्हा. उन्हाळ्यात दुपारचं, दार लोटून.

पट्ट्याखाली आठ पाकिटं होती, कागदाची, चारी बाजूंनी दुमडलेली. कागद ओळखीचा वाटला. लाल, पिवळा, निळा... कपाटाच्या दारावरचा तो नकाशा नानांनी सोडवून आणला होता आणि कापून त्याची पाकिटं केली होती. रंगाची बाजू बाहेर, कोरी बाजू आत. सेक्शनला शाई लागू नये म्हणून. ते खोटं कडं आता तुकड्यातुकड्यांनी प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर होतं. आणि कोऱ्या कडेवर चौथी शिकलेल्या माणसाच्या सुट्या अक्षरांत पेन्सिलीने लिहिलेलं, ‘केळ. उभी. बिनतेल.’ आठही पाकिटांवर तेच. मी अक्कांना विचारलं, त्यांनी हे मला पाठवलं का नाही? “मी म्हंतं ना, पोस्टमा टाकी द्या. तर म्हने, ती मांगी तव्हय देसू.”

मी मागायला गेले नाही.

मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन आले. यंत्र आता जुनं झालंय, नव्याशेजारी कोपऱ्यात असतं, पण चालतं. एक पाकीट उघडलं. सेक्शन वाळून पापुद्र्यासारखा झाला होता, तरी सलग होता, एकही पडदा फाटलेला नाही. सकाळी लावला. पांढरी वाफ पायांवर उतरली, पडद्यावर ठिपके उमलू लागले, एकेक, एकेक, आणि मी खुर्चीत बसून राहिले. दुपार झाली. मला वाळ्याचा वास आल्यासारखं वाटलं. धाग्यांचे जुडगे आपल्या जागी आले, मऊ भाग निळा आला, मधल्या पोकळ्या काळ्या, ओळीने, रिकाम्या. संध्याकाळी नकाशा पुरा झाला. जुडग्यांभोवती काही नव्हतं. इतका स्वच्छ नकाशा मला माझ्या हाताने कधी मिळाला नव्हता. याने माझ्या प्रबंधात एका अक्षराचा फरक पडणार नाही. तरी मी त्याची प्रत काढली आणि खाली कापणाऱ्याचं नाव लिहिलं. पहिल्यांदाच लिहिलं.

उरलेली सात पाकिटं मी उघडलेली नाहीत. पट्टा मात्र जळगावच्या लॅबमध्ये दाराच्या कडीला अडकवलाय. प्रॅक्टिकलच्या आधी अक्कांनी दिलेला वस्तरा त्यावर कोरडाच ओढते, सप् सप्, आणि पातं स्वच्छ फडक्याने पुसते, कारण चामड्याची भुकटी लागते. पट्ट्याच्या भेगा वाढत चालल्या आहेत. परवा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, किती तडकलंय हे. थोडं तेल का नाही देत?” बाकीच्याही हातातलं ठेवून बघू लागल्या. मी वस्तरा मिटला, स्टूल ओढलं, आणि त्यांना सांगायला बसले.